गर्भाशयाचा कर्करोग : नाव एक, व्याधी चार

आपल्या स्मरणिकेतील वैद्यकीय पान बहुधा मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या त्रिकुटासाठी राखून ठेवलेले असते, आणि त्यात वावगे काही नाही. यंदा मात्र संपादक मंडळाच्या परवानगीने मी अशा एका व्याधीविषयी लिहीत आहे की, जिचे नाव आपल्या घरांतील पुरुष उच्चारीत नाहीत आणि स्त्रिया उच्चारतात ते कुजबुजत. ही व्याधी म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा निराळा. भारतात त्याचेच प्रमाण अधिक असल्यामुळे शिबिरे, लसीकरण, भाषणे यांत त्याचा उल्लेख पुष्कळ होतो. अस्तराचा कर्करोग हा प्रामुख्याने पाळी गेल्यानंतरचा आजार आहे. स्थूलता आणि मधुमेह त्याचे सोबती आहेत. अमेरिकेत २०२४ या एका वर्षात गर्भाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे ६८ हजार नव्या रुग्ण स्त्रिया आणि १३ हजारांहून अधिक मृत्यू होतील, असा अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा अंदाज होता. येथे येऊन वीस-पंचवीस वर्षे झालेल्या, या देशाचे अन्न आणि येथील बैठे जीवन अंगी लागलेल्या आपल्या भगिनी या संख्येच्या बाहेर नाहीत.

मी कर्करोगतज्ज्ञ नव्हे; सामान्य वैद्यक करणारा डॉक्टर आहे. तरीही या विषयावर लिहिण्याचा अधिकार मी एका चुकीतून मिळविला आहे, तेव्हा ती चूक प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

२०१८ साली नागपूरहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, आईचा रिपोर्ट पाठवलाय. बघा ना, काय म्हणतो तो." माझी थोरली बहीण, आमची ताई, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. पाळी बंद होऊन दहा वर्षे लोटल्यावर तिला अधूनमधून रक्तस्राव होऊ लागला आणि तो तिने आठ महिने कोणालाही सांगितला नाही. अखेर भाचीच्याच लक्षात आले, शस्त्रक्रिया झाली, गर्भाशय काढण्यात आले. अहवालात लिहिले होते : एंडोमेट्रिऑइड प्रकार, ग्रेड दोन, स्नायूच्या निम्म्याहून कमी जाडीत शिरकाव, लसिकाग्रंथी निर्दोष, टप्पा पहिला. मी तो अहवाल दोनदा वाचला आणि फोनवर ताईला म्हणालो, "ताई, रिपोर्ट चांगला आहे. शंभरातल्या नव्वद बायका यातून सुखरूप बाहेर पडतात." ती म्हणाली, "तू म्हणतोस म्हणजे झालंच." पुढे उपचार काही दिले गेले नाहीत, त्या टप्प्याला ते देण्याची प्रथाही नव्हती.

एकोणीस महिन्यांनी रोग पोटात पसरलेला आढळला. त्या वेळी मुंबईच्या एका तज्ज्ञांनी जुन्या शस्त्रक्रियेतील नमुना मागवून त्यावर एक साधी रंगचाचणी केली आणि पी-५३ नावाचे प्रथिन विकृत असल्याचे कळविले. तो नमुना २०१८ मध्येही तोच होता. त्यात जे होते ते आधीपासूनच होते. ते कोणी विचारले नाही एवढेच. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने विचारले नाही, आणि मीही विचारले नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात ताई गेली. विमाने बंद होती.

आता प्रश्न असा की, अहवालात जे लिहिले होते ते खोटे होते काय? नव्हते. ते अपुरे होते. हा अपुरेपणा समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल.

१९८३ साली लेनिनग्राडच्या बोखमन यांनी या कर्करोगाचे दोन प्रकार मांडले. पहिला, स्थूल शरीराच्या, मधुमेही स्त्रियांत इस्ट्रोजेनच्या अतिरेकाने होणारा, मवाळ. दुसरा, सडपातळ, वयस्क स्त्रियांत होणारा, उग्र. ही विभागणी सोयीची होती आणि आम्ही वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तीच पाठ केली. त्याच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे रूप पाहून 'ग्रेड' ठरवायची आणि रोग कोठवर पोचला ते पाहून 'टप्पा' ठरवायचा. मात्र एकच काचपट्टी दोन निष्णात विकृतितज्ज्ञांना दाखविली तर, विशेषतः उग्र दिसणाऱ्या गाठींच्या बाबतीत, दोघांचे मत पुष्कळदा जुळत नाही. डोळ्याला दिसणारे रूप हा पुरावा खराच, पण तो बाह्य पुरावा होय. बाह्यरूपावरून स्वभाव ठरविण्याची खोड किती महागात पडते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

२०१३ साली अमेरिकेतील 'कॅन्सर जीनोम अॅटलस' या राष्ट्रीय प्रकल्पातील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात ३७३ गाठींचा रेण्वीय अभ्यास प्रसिद्ध केला. गाठ दिसते कशी हे बाजूस ठेवून तिच्या जनुकांत काय बिघडले आहे ते त्यांनी वाचले, आणि एका नावाखाली चार निरनिराळ्या व्याधी नांदत आहेत असे आढळले.

हे चार गट समजावून देण्यासाठी मी आपल्या संपादकांच्याच व्यवसायातील उपमा घेतो. पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातील डीएनएचा मजकूर, म्हणजे तीन अब्जांहून अधिक अक्षरे, नव्याने उतरवून घ्यावा लागतो. या कामी जुळारी असतो तसा मुद्रितशोधकही असतो. 'पीओएलई' या जनुकापासून बनणारे विकर मजकूर जुळवते आणि जुळवतानाच चुकीचे अक्षर खोडूनही टाकते. या खोडण्याच्या भागातच बिघाड झाला तर पेशीत चुकांचा अक्षरशः महापूर येतो. दर दहा लाख अक्षरांमागे शंभराहून अधिक चुका साचतात. हा पहिला गट. पुढे, छपाईनंतर पुन्हा एकदा वाचून उरलेल्या चुका दुरुस्त करणारी दुसरी एक चौकडी असते : एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिने. त्यांच्यापैकी कोणी कामावरून गैरहजर असेल तर 'दुरुस्तीदोष' असलेला दुसरा गट. तिसऱ्या गटात बिघाड आहे तो पी-५३ मध्ये. हे प्रथिन म्हणजे मुद्रितशोधक नव्हे, तर मजकूर सदोष असल्यास यंत्रच थांबविणारा पर्यवेक्षक. तो नाहीसा झाला की एकेका अक्षराची चूक राहत नाही, पानेच्या पाने गहाळ होतात किंवा दुप्पट छापली जातात. आणि चौथा गट? यांपैकी काहीच ठळकपणे न सापडलेल्यांचा. त्याचे शास्त्रीय नावच 'विशिष्ट रेण्वीय खूण नसलेला' असे आहे. शिरगणतीच्या तक्त्यात शेवटी 'इतर' असा रकाना असतो आणि सर्वांत अधिक माणसे कधी कधी तेथेच सापडतात, तसे हे आहे. या गटात एक नव्हे, अनेक व्याधी दडलेल्या असणार. त्यातील इस्ट्रोजेन-ग्राहक असलेल्या, मवाळ दिसणाऱ्या गाठी चांगल्या वागतात. ग्राहक नसलेल्या तितक्या चांगल्या वागत नाहीत, इतके तरी आता कळले आहे.

येथे सामान्य बुद्धीला न पटणारी एक गोष्ट घडते. ज्या गटात सर्वाधिक चुका, त्या पहिल्या गटातील स्त्रियांचे भवितव्य सर्वांत उजळ निघाले. या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा भयंकर दिसतात. ग्रेड तीन, पेशी विद्रूप. परंतु चुकांच्या महापुरामुळे पेशीवर इतकी अनोळखी प्रथिने उमटतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परके म्हणून ओळखते आणि गाठीत शिरून लढते. हा खुलासा सर्वस्वी पूर्ण आहे असे म्हणता येत नाही, पण वस्तुस्थिती वादातीत आहे.

ही वस्तुस्थिती आकड्यांत पाहावयाची तर 'पोर्टेक-३' या आंतरराष्ट्रीय चाचणीकडे जावे. नेदरलँड्सच्या नेतृत्वाखाली झालेल्या या चाचणीत अधिक जोखमीच्या ६६० स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर केवळ किरणोपचार द्यावा की त्याच्या जोडीला रसायनोपचारही द्यावा, हे तपासण्यात आले. पुढे त्यांच्यापैकी ४१० जणींच्या गाठींचे रेण्वीय वर्गीकरण करून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षे रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९८ टक्के, दुरुस्तीदोषाच्या गटात ७२, विशिष्ट खूण नसलेल्यांत ७४, आणि पी-५३ विकृत असलेल्यांत अवघे ४८. या सगळ्या जणी जुन्या पद्धतीने 'अधिक जोखमीच्या' या एकाच रांगेत उभ्या होत्या, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या, एकच सलाईन घेणाऱ्या दोघींपैकी एकीला बहुधा त्या सलाईनची गरजच नव्हती, आणि दुसरीला तिच्याहूनही अधिक कशाची तरी होती.

उपचाराचा परिणामही गटागणिक निराळा निघाला. पी-५३ विकृत असलेल्यांत केवळ किरणोपचाराने पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या ३६ टक्के, तर रसायनोपचाराची जोड मिळालेल्या ५९ टक्के. दुरुस्तीदोषाच्या गटात मात्र रसायनोपचाराने काही लाभ झाल्याचे दिसले नाही. छत्तीस आणि एकोणसाठ या दोन आकड्यांमधील अंतर मी पुष्कळदा मोजले आहे. ताईला २०१८ साली रसायनोपचार मिळाला असता तर ती आज असती, असे मी म्हणत नाही. वैद्यकशास्त्रात एका व्यक्तीविषयी असे विधान करता येत नाही. परंतु तिला ती संधी मिळाली असती.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ट्यूमर-वर्गीकरणात हे चार गट आले. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने सांगितले की, पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातील पीओएलई-दोष असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर पुढचा उपचार न देणे योग्य, आणि पी-५३ विकृत असून स्नायूत शिरकाव असलेली स्त्री ही अधिक जोखमीची धरावी. २०२३ साली 'फिगो' या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तर टप्प्याच्या व्याख्येतच बदल केला. गाठ गर्भाशयापुरती मर्यादित असताना पीओएलई-दोष सापडला तर टप्पा १-अ मध्ये खाली येतो. पी-५३ विकृत असून स्नायूत थोडाही शिरकाव असेल तर तो २-क होतो. ताईचा अहवाल आज लिहिला गेला असता तर त्यावर 'टप्पा पहिला' ही अक्षरे उमटलीच नसती.

काही शल्यविशारद या बदलावर नाराज आहेत. टप्पा म्हणजे रोग कोठवर पोचला याची मोजणी, त्यात त्याचा स्वभाव कशाला मिसळता, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि ज्या देशांत या चाचण्या होत नाहीत तेथील आकड्यांची तुलना कशी करणार, हा त्यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माझे मत असे की, रुग्णाला 'टप्पा' हा शब्द ऐकताना मोजणी ऐकू येत नाही. तिला तिचे भवितव्य ऐकू येते. तो शब्द जर भवितव्याविषयी दिशाभूल करीत असेल तर तो सुधारलाच पाहिजे.

परंतु गरिबांच्या देशातील आक्षेपाचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. संपूर्ण जनुकवाचन हे खर्चाचे काम आहे, हे खरे. नेमक्या याच अडचणीवर कॅनडात व्हँकुव्हरच्या आणि नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी मार्ग काढला. त्यांनी दाखविले की साध्या रंगचाचण्यांनी बहुतेक काम होते. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा प्रत्येक विकृतिशास्त्र विभागात मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असतो. त्याचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन प्रतिपिंडाने रंगवायचा. पी-५३ साठी : केंद्रके विरळ-दाट, ठिपक्याठिपक्यांनी तपकिरी झाली तर प्रथिन शाबूत, सगळीच गडद तपकिरी किंवा एकही तपकिरी नाही, अशा दोन्ही टोकांना ते बिघडलेले. दुरुस्तीच्या चौकडीसाठी : रंग उमटला नाही तर ते प्रथिन गैरहजर. भारतातील बऱ्याच शहरांत या चाचण्या काही हजार रुपयांत होतात, त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही, आणि शस्त्रक्रियेआधी घेतलेल्या लहानशा नमुन्यावरही त्या करता येतात. मेणाचा ठोकळा तर वर्षानुवर्षे टिकतो. ताईचा टिकला होता.

उरते ती पीओएलईची चाचणी. तिला रंगचाचणीचा पर्याय नाही, जनुक वाचावेच लागते. येथे एक पेच आहे. काही थोड्या गाठींत पीओएलईचा दोष असतो आणि चुकांच्या गर्दीत पी-५३ चाही बळी गेलेला असतो. अशा गाठी पहिल्या गटाप्रमाणे चांगल्या वागतात. पण पीओएलई तपासलेच नाही तर त्यांच्यावर पी-५३ चे दुष्ट लेबल बसते आणि स्त्रीला अकारण कठोर उपचार सोसावे लागतात. काही मित्र म्हणतात, म्हणूनच तिन्ही चाचण्या होत नसतील तर एकही करू नये. हे मला मान्य नाही. तिसरा दिवा नाही म्हणून हातातील दोन विझवावेत हा कोठला न्याय? दोन रंगचाचण्या प्रत्येक स्त्रीच्या व्हाव्यात. पीओएलईचे वाचन जेथे उपचाराचा निर्णय त्यावर अवलंबून असेल तेथे, म्हणजे प्रामुख्याने उग्र दिसणाऱ्या किंवा पी-५३ विकृत निघालेल्या आरंभीच्या टप्प्यातील गाठींत, अवश्य करावे.

दुरुस्तीदोषाच्या गटाबाबत आणखी एक गोष्ट अशी की, तिचा संबंध केवळ रुग्ण स्त्रीशी नसतो. बहुतेकींत हा दोष गाठीपुरताच, आयुष्यात पुढे उद्भवलेला असतो. काहींत मात्र तो आईबापांकडून आलेला असतो. त्यास लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे सुमारे तिघींत तो सापडतो. अशा घरातील भावंडांना व मुलांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका असतो, आणि वेळोवेळी दुर्बिणीतून तपासणी केल्यास तो टाळता येतो. म्हणजे आईच्या गर्भाशयाच्या एका काचपट्टीने मुलाचे आतडे वाचू शकते. या ज्ञानाचा उगम मला फार भावतो. १८९५ साली मिशिगन विद्यापीठातील विकृतितज्ज्ञ अल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने, पॉलिन ग्रॉसने, सांगितले की आमच्या घरातील माणसे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानेच मरतात, मीही तशीच मरेन. वॉर्थिन यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ साली प्रसिद्ध केली. ती स्वतः गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगानेच वारली. शिवणाऱ्या बाईचे म्हणणे विद्वानाने वहीत उतरवून घेतले, म्हणून आज जगभरच्या हजारो कुटुंबांना आपला धोका आधी कळतो.

याच गटाला प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या नव्या औषधांचा मोठा लाभ होतो. २०२३ साली एकाच वेळी दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. रोग पसरलेल्या किंवा उलटलेल्या दुरुस्तीदोषी स्त्रियांत, रसायनोपचाराच्या जोडीला डोस्टार्लिमॅब दिल्यास दोन वर्षांनी रोग न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते, तर न दिल्यास सुमारे १६ टक्के. पेम्ब्रोलिझुमॅबच्या चाचणीत एका वर्षाने हेच प्रमाण ७४ आणि ३८ असे होते. इतका फरक कर्करोगाच्या उपचारात क्वचितच पाहावयास मिळतो. या औषधांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे, हे वेगळे दुखणे. त्यावर कधी स्वतंत्र लिहीन. पी-५३ च्या गटालाही केवळ अशुभ वार्ताच मिळते असे नाही. त्यातील सिरस प्रकारच्या गाठींपैकी चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या गाठींत हर-२ हे प्रथिन वाढलेले असते, आणि स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे ट्रास्टुझुमॅब तेथे उपयोगी पडते. त्याच्या समतुल्य आवृत्त्या तर भारतातच बनतात.

आता या लेखाच्या सर्वांत अवघड भागाकडे वळतो. ज्या देशात आपण राहतो तेथे कृष्णवर्णीय स्त्रिया या कर्करोगाने गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात. त्यांच्यात पी-५३ विकृत असलेल्या गाठींचे प्रमाण अधिक आढळते, हे खरे आहे. आणि येथेच एक सापळा आहे. 'त्यांच्या गाठीच तशा असतात' असे एक वाक्य परिषदांमध्ये हळूच उच्चारले जाते आणि ऐकणारे सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण मग रुग्णालय, विमा, विलंब, दुर्लक्ष यांपैकी कोणालाही जाब विचारण्याचे कारण उरत नाही. हा युक्तिवाद आपण ओळखतो. जन्माने आलेले म्हणून जे सांगितले जाते त्यात समाजाने केलेले किती, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधापासून आयुष्यभर विचारला. पी-५३ चा बिघाड बहुतांशी गाठीत घडतो. तो त्वचेच्या रंगात नसतो, वंशात नसतो. शिवाय गाठीचा प्रकार आणि टप्पा हिशेबात धरल्यावरही मृत्यूंतील दरी पूर्णपणे भरून निघत नाही.

त्या दरीतील एक फट तर मोजली गेली आहे. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात, आणि ती चार-पाच मिलिमीटरपेक्षा कमी असली तर 'काळजी नको' म्हणून घरी पाठवितात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष कर्करोग असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे दहांत एकीची जाडी या मर्यादेच्या आत होती. मर्यादा ठरविताना मोजल्या गेलेल्या स्त्रिया बहुसंख्येने गोऱ्या होत्या. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असल्या की जाडी नीट दिसत नाही आणि पी-५३ च्या गाठींना तर अस्तर जाड असण्याची आवश्यकताच नसते. २०१३ च्या त्या मूळ ३७३ गाठींतही गोऱ्या स्त्रियांचीच बहुसंख्या होती. आपल्या स्त्रिया अशा आकड्यांत जवळजवळ नाहीतच. म्हणून रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल तर सोनोग्राफीच्या आकड्यावर समाधान मानू नये, नमुना घेऊन तपासण्याचा आग्रह धरावा.

आणि रक्तस्रावाविषयीच बोलायचे तर, या कर्करोगाच्या दहांपैकी नऊ जणींना तो होतो. दुसऱ्या बाजूने, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या दहा-अकरा जणींपैकी एकीलाच कर्करोग निघतो, म्हणजे घाबरण्याचेही कारण नाही. निसर्गाने इतकी स्पष्ट सूचना क्वचित दुसऱ्या कर्करोगात दिली आहे. तरीही ताई आठ महिने गप्प राहिली. ती अडाणी नव्हती. १९५६ नंतर जन्मलेली, बुद्धवंदना म्हणत वाढलेली, शेकडो मुलींना शिकविलेली स्त्री होती ती. विटाळ ही कल्पना आमच्या घरातून आईवडिलांनी दीक्षेच्या वेळीच हद्दपार केली होती. पण ती अंगणातून गेली, न्हाणीघराच्या दारामागे तिची सावली राहिली. ज्या कल्पनेने आपल्या सावलीलाही अस्पृश्य ठरविले, तिचेच एक पिल्लू आपल्या आयाबहिणींच्या जिभेवर बसून राहावे, हे मला त्या गाठीइतकेच क्लेशदायक वाटते. आणि दोष केवळ स्त्रियांचा नाही. मी डॉक्टर असूनही दर रविवारच्या फोनवर तिच्या गुडघ्यांची, साखरेची चौकशी करीत असे; हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. भावाने बहिणीला असे विचारू नये, अशी माझीही समजूत होतीच की.

गावाकडून व्हॉट्सअॅपवर अहवाल येतात, आपल्यापैकी जो कोणी डॉक्टर वा परिचारिका असेल त्याच्याकडे ते पाठविले जातात, आणि पलीकडचे माणूस एकच विचारते : कोणता स्टेज आहे? माझी वाचकांना विनंती आहे की, यापुढे उत्तर देण्याआधी आपण उलट विचारावे : पी-५३ पाहिले काय? दुरुस्तीची चार प्रथिने पाहिली काय? नसतील तर मेणाचा ठोकळा कोठे आहे? तो मागण्यात संकोच नको. दुसऱ्या मतासाठी ठोकळा वा काचपट्ट्या मागणे ही सर्वत्र रूढ असलेली गोष्ट आहे.

आपली संस्था दरवर्षी मायदेशी वैद्यकीय साहाय्य म्हणून काही रक्कम पाठविते. चष्मे, रक्तदान शिबिरे, क्वचित एखादी रुग्णवाहिका, असा तिचा विनियोग होत आला आहे. रुग्णवाहिकेचे छायाचित्र स्मरणिकेत छापता येते, काचपट्टीचे येत नाही, ही अडचण मी जाणतो. तरीही येत्या वार्षिक सभेत मी असा ठराव मांडणार आहे की, या रकमेतील ठरावीक हिस्सा विदर्भ आणि मराठवाड्यातील गरजू स्त्रियांच्या पी-५३ व दुरुस्ती-प्रथिनांच्या चाचण्यांसाठी राखून ठेवावा, आणि ज्यांचा निर्णय त्यावर अडला असेल त्यांच्या पीओएलई-वाचनाचा खर्चही त्यातूनच द्यावा. पहिल्या वर्षाची रक्कम ताईच्या नावाने मी देत आहे. ठरावास अनुमोदक हवा आहे; तो एखादी भगिनी असेल तर मला विशेष आनंद होईल.